बाईंनी शेवाळ विकलं

शहरातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात शिरलं की उजव्या हाताला काचेचा एक लांबलचक काउंटर लागायचा. त्याच्यामागे बाईंचं निम्मं आयुष्य उभ्याउभ्या गेलं. उभ्याउभ्याच, कारण तिथे बसायची सोय नव्हती, आणि असती तरी बाई बसल्या नसत्या. "बसून विकतात तो भाजीपाला," असं त्या नव्या मुलींना सांगत. पाठ ताठ, नखं स्वच्छ आणि आवाज असा, की समोरच्याला वाटावं, ही आपल्या एकट्याच्याच कानात काहीतरी गुपित सांगतेय. क्रीम म्हणू नका, पावडर म्हणू नका, अत्तर म्हणू नका, बाईंनी हातात घेतलं आणि खपलं नाही असं कधी झालं नाही. अख्खं दुकान त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. मालकसुद्धा त्यांच्यासमोरून जाताना कोटाचं बटण लावून घ्यायचे.

या नोकरीने बाईंना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे जीभ. घरी आलेला पाहुणा जाताना खिसे चाचपायचा, आपण काही विकत तर घेतलं नाही ना! आणि दुसरी गोष्ट म्हणजे डाव्या हाताची कातडी. गिऱ्हाइकाला दाखवायचं प्रत्येक क्रीम आधी आपल्या हातावर लावायचं, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, की पुढचं लावायचं. दिवसभर हेच, वर्षानुवर्षं. त्या हाताची मागची बाजू सुकून जुन्या चामडी पाकिटासारखी झाली होती. थंडीत भेगा पडायच्या. साऱ्या शहराला गोरं-गुलाबी करायला निघालेल्या बाई स्वतःचा डावा हात उजव्या हाताखाली झाकून बसायच्या.

निवृत्त झाल्यावरही त्यांचं मत एकच होतं. "डबीत असतं पाणी आणि थोडं तेल. बाकी सगळं असतं बोलण्यात. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं."

आणि अशा बाईंच्या नशिबी सून आली ती मोजकं बोलणारी.

सून रसायनशास्त्र शिकलेली. शहराबाहेर एक कारखाना होता, तिथे समुद्रातलं लालसर शेवाळ उकळून त्यातून चिकट गर काढत. आइस्क्रीमला, टूथपेस्टला दाटपणा येतो तो अशा गरामुळे. सून तिथल्या प्रयोगशाळेत होती. पुढे तो कारखाना गाशा गुंडाळून दुसऱ्या शहरात गेला. सुनेला तिकडे वरची जागा देऊ केली होती, पण ती गेली नाही. का गेली नाही, ते तिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याची नोकरी इथली आणि सासूचे गुडघे इथले, कळायचं त्याला कळलं. बाईंनाही कळलं होतं. पण कुणाचे उपकार मानायचे तर ते आडून, ही त्यांची रीत. त्यांनी सुनेच्या चहात साखर बरोबर पडतेय की नाही ते बघायला सुरुवात केली, एवढंच.

मग एके दिवशी सुनेने बंदरावरच्या व्यापाऱ्याकडून सुक्या शेवाळाचं पोतं घरी आणलं.

आठवड्याभरात घराचं बंदर झालं. न्हाणीघरातल्या बादल्यांत शेवाळ भिजायला. गॅलरीतल्या दोरीवर बाईंच्या मुलाच्या शर्टांशेजारी शेवाळ वाळायला. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात शेवाळ मंद आचेवर, आणि सून त्याच्यासमोर थर्मामीटर धरून अशी उभी, की जणू पातेल्यालाच ताप आलाय.

"काय शिजतंय?" बाईंनी नाकाला रुमाल लावून विचारलं.

"क्रीम."

"असं होय! मला वाटलं, एखादं बुडालेलं गलबत वर आलं."

सून हसली, पण ढवळायचं थांबली नाही. मुलाने या दोघींच्या मध्ये पडायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सुनेचं म्हणणं साधं होतं. शेवाळाचा गर पाणी धरून ठेवतो. कारखान्यात पाहिलं होतं तिने, गर हाताळणाऱ्या बायकांचे हात भर थंडीतही मऊ असायचे. तोच गर तेलात आणि मेणात नीट मिसळला, खारटपणा धुऊन काढला, वास मारला, तर कोरड्या कातडीला चांगलं क्रीम होईल. म्हणायला सोपं. पहिलं क्रीम तासाभरात फाटलं, दह्यासारखं; पाणी खाली, तेल वर. दुसरं इतकं घट्ट झालं की मुलाने ते भरून खिडकीची फट बुजवली आणि ती खरंच बुजली. पुढचं कुठलं तरी जमलं, पण वास जाईना. दर वेळी सून ते निमूटपणे फेकायची, पातेलं घासायची आणि पुन्हा शेवाळ भिजत घालायची. तोंड पाडणं नाही, नशिबाला बोल लावणं नाही. बाई पेपराच्या आडून बघायच्या. हा चिवटपणा त्यांच्या ओळखीचा होता. तो बघून त्यांना बरं वाटायचं आणि बरं वाटतंय म्हणून राग यायचा.

शेवटी एक क्रीम जमलं. फिकट, बदामी रंगाचं, वास जवळजवळ नाहीच. सुनेने ते लगेच कुणाला विकलं नाही. इमारतीतल्या बायकांना गाठून तिने प्रत्येकीच्या एका हाताला आपलं क्रीम लावायला दिलं आणि दुसऱ्या हाताला बाजारातलं साधं. कुठल्या डबीत काय आहे ते सांगितलं नाही.

"आई, तुम्ही पण लावाल? डाव्या हाताला?"

बाईंनी हात चटकन खाली घेतला. "या हाताने तुझ्या जन्माआधीपासून क्रीमं पचवलीत. त्याला काही होत नाही."

"म्हणूनच विचारतेय."

बाईंनी लावलं, पण 'तुझ्या समाधानासाठी हो,' असं चारदा बजावून. थंडी पडली, वाढली, ओसरायला लागली आणि एका सकाळी ब्रेडला लोणी लावताना बाईंच्या लक्षात आलं, की यंदा भेग पडलेली नाही. हात काही तरुण झाला नव्हता. सुरकुत्या जागच्या जागी होत्या. पण कातडी कातडीसारखी वाटत होती, पाकिटासारखी नाही. त्या हात खिडकीतल्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे." सुनेला तेवढं पुरलं.

पण विकायचं कसं? हा प्रश्न आला आणि बाईंच्या अंगात वारं शिरलं. वस्तीतल्या सभागृहात रविवारी छोटा बाजार भरायचा. मेणबत्त्या, विणलेल्या टोप्या, घरच्या भाज्या. बाईंनी आपला जुना काळा कोट काढला, इस्त्री केला आणि टेबलामागे उभ्या राहिल्या. सून बाजूला, हातावर हात बांधून.

पहिलंच गिऱ्हाईक टेबलाशी थांबलं आणि बाई सुरू झाल्या. "या ना. मी सांगते ते कुणाला सांगू नका. समुद्राच्या तळाशी, जिथे ऊनसुद्धा भीत भीत जातं, तिथलं हे गुपित. पंधरवडाभर लावा, आरशाला तुमची ओळख पटणार नाही. या डोळ्यांखालच्या रेघा आहेत ना, त्या..."

"आई," सून म्हणाली, "रेघा जात नाहीत."

शेजारच्या माना वळल्या. मेणबत्त्यावालीसुद्धा इकडे बघायला लागली.

"आणि तळाशी नाही उगवत ते," सुनेने त्या गिऱ्हाइकाकडे वळून पुढे सांगितलं. "किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, दोऱ्यांवर वाढवतात. याने कोरड्या कातडीत ओलावा टिकतो. इतकंच होतं."

"इतकंच?" असं म्हणून ती बाई विणलेल्या टोप्यांकडे गेली.

घरी जाईपर्यंत बाई दोन पावलं पुढेच चालत होत्या. दार लागलं आणि फुटल्याच. "माझ्या गिऱ्हाइकासमोर मला खोटं पाडलंस! अगं, माझ्या उभ्या आयुष्यात मालकाची हिंमत झाली नाही!"

"मी तुम्हाला खोटं नाही पाडलं, आई. पण माझ्या क्रीमबद्दल खोटं सांगितलेलं मला चालणार नाही."

"सगळेच सांगतात."

"त्यांची क्रीमं तेवढ्या लायकीची असतील. माझं चांगलं आहे." सुनेचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "इतक्या वेळा फेकलं मी. आता जे झालंय ते खरं आहे. त्याला खोट्याची ठिगळं कशाला?"

बाईंनी काळा कोट ओढून काढला आणि खुंटीला लटकवला. त्या आपल्या खोलीत गेल्या. पुढचे काही दिवस घरात फक्त पातेलं बोलत होतं. मुलगा कामावरून आला की आधी दोघींची तोंडं बघायचा आणि मग हळूच गॅलरीत जाऊन शेवाळ उलटं-पालटं करायचा.

रुसून बसलेल्या माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. बाईंना सारखं तेच ऐकू येत होतं. 'माझं चांगलं आहे.' एवढ्या वर्षांत किती कंपन्यांची किती माणसं काउंटरवर आली. चकचकीत पेट्या घेऊन आली, बाईंना बोलायची वाक्यं शिकवून गेली. 'आमचं चांगलं आहे' असं डोळ्यांत बघून म्हणणारा एकही आठवेना.

एका दुपारी बाईंनी काळा कोट चढवला, पिशवीत चार डब्या टाकल्या आणि कुणाला काही न सांगता जुन्या दुकानाची वाट धरली.

दुकानात खरेदीचं बघणारे साहेब म्हणजे एके काळी बाईंच्या हाताखाली काउंटर पुसायला शिकलेले. आता केस पिकले होते, तरी बाईंना बघून ते खुर्चीतून उठले. त्यांनी डबी उघडली, बोटाने क्रीम घेतलं, चोळलं, वास घेतला. भुवया वर गेल्या.

"चांगलं आहे हो, बाई. खरंच. कुणाचं?"

"माझ्या सुनेचं."

"ठेवू आपण. फक्त दोन गोष्टी. हा 'शेवाळ' शब्द काढा. लोकांना डबकं आठवतं, पाय घसरलेला आठवतो. 'सागरअमृत' वगैरे काहीतरी लिहा. आणि 'सुरकुत्या घालवते' हे मोठ्या अक्षरांत हवं. त्याशिवाय काचेत ठेवून उपयोग नाही, ते मी तुम्हाला काय सांगणार? तुम्हीच शिकवलंत."

हेच ऐकायला तर बाई आल्या होत्या. साहेबांनी हो म्हणावं, घरी जाऊन डबी टेबलावर आपटावी आणि म्हणावं, 'बघ, असं विकतात.' होकार जिभेच्या टोकावर आला होता. पण बाई बोलल्या ते भलतंच.

"नाही जात सुरकुत्या."

"अहो, ते मलाही माहीत आहे..."

"आणि ते शेवाळच आहे. माझ्या न्हाणीघरात भिजत पडलेलं असतं, रोज ओलांडून जाते मी. त्याला अमृत कुठल्या तोंडाने म्हणू?"

साहेब हसायला लागले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पाठ आणखी ताठ केली. "मला एक दिवस काउंटर द्या. माझाच. डबीवर आहे तेच लिहिलेलं राहील आणि आहे तेवढंच मी बोलेन. संध्याकाळी डब्या उरल्या तर मी परत तोंड दाखवणार नाही. नाही उरल्या, तर डबी जशी आहे तशी ठेवायची, शेवाळासकट."

"बाई, खरं बोलून काउंटरवर काही खपलंय का कधी?"

"मी कधी करून बघितलं नाही," बाई म्हणाल्या. "आता बघते."

घरी येऊन त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. सून पातेल्यावरून वळली. "तुम्ही बोलणार काय पण?"

"जेवढं आहे तेवढं. तू मला नीट शिकव. मला ते पाणी धरून ठेवण्याचं अजून कळलेलं नाही."

पुढचे काही दिवस स्वयंपाकघरात शाळा भरली. मास्तरीण सून, विद्यार्थिनी बाई; आणि विद्यार्थिनी इतकी खट, की मास्तरणीला पाणी प्यायला फुरसत नाही. हे कशाने? ते का? तेल कशाला मग? टिकायला काय घालतेस, आणि ते घालतेस हे सांगायचं का? "सांगायचं," सून म्हणाली. "नाहीतर बुरशी येईल, हेही सांगायचं."

तो दिवस उजाडला. बाईंनी काउंटरवर डब्या मांडल्या आणि मध्ये काचेचं मोठं भांडं ठेवून त्यात पाणी आणि सुक्या शेवाळाची एक मूठ टाकली. शेजारच्या काउंटरवरच्या मुली, लाल ओठांच्या, एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. सून लांब, अत्तरांच्या मांडणीआड उभी होती.

सकाळ वाईट गेली. गिऱ्हाईक यायचं, 'शेवाळ' वाचायचं आणि नाक मुरडून पुढे जायचं. बाईंच्या तोंडात जुनी वाक्यं गोळा होत होती, गुपितं, समुद्राचा तळ, आरसे. त्या गिळत होत्या. कधी नव्हे ते पाय दुखायला लागले. साहेब एकदा जिन्यावरून डोकावून गेले.

दुपारी एक चांगल्या घरची दिसणारी बाई थांबली. "सुरकुत्या जातात का याने?"

"नाही," बाई म्हणाल्या.

ती बाई दोन पावलं गेली, थांबली आणि मागे आली. "नाही म्हणालात?"

"नाही जात. कशानेच जात नाहीत. मी या काउंटरवर आयुष्य काढलंय, मला माहीत. याने कोरडी कातडी ओलसर राहते. हे बघा." आणि बाईंनी वर्षानुवर्षं झाकलेला तो डावा हात काचेवर ठेवला. "स्पिरिटने जळालेला हात आहे हा. दर थंडीत रक्त यायचं. यंदा नाही आलं. म्हातारा होता, म्हातारा आहे. पण दुखत नाही."

ती बाई त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि आपला हातमोजा काढला. बोटांच्या पेरांवर लाल चट्टे होते. ती नर्स निघाली. दिवसातून कितीदा हात धुवावे लागतात याला हिशेब नव्हता. तिने थोडं क्रीम लावून घेतलं, बोटं उघडमीट करून बघितली आणि विचारलं, "यात नक्की असतं काय?"

बाईंना सगळं पाठ होतं. तरीही त्या वळल्या आणि अत्तरांच्या मांडणीकडे बघून, दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, इकडे ये! ही बनवणारी. हिला विचारा."

सून आली. कान लाल, हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. पण भांड्यातलं शेवाळ तोवर फुगून वर आलं होतं. तिने त्यातलं एक ओलं पान बोटांवर घेतलं, हलकेच दाबलं आणि ते पाणी कसं धरतं ते सांगायला लागली. साधं, सरळ, एकही विशेषण न लावता. बघता बघता माणसं थांबायला लागली. दुकानातली पुडकी बांधणारी मुलगी, जिची बोटं कागदाने कोरडी पडायची. मागच्या उपाहारगृहातला भांडी घासणारा. नर्स संध्याकाळी ड्यूटीवरून सुटलेल्या आपल्या मैत्रिणींना घेऊन परत आली. लाल ओठांच्या मुलींतली एक हळूच पुढे झाली आणि आपला डावा हात दाखवून म्हणाली, "बाई, माझाही असाच व्हायला लागलाय."

बाई विकत होत्या, पण मधूनच विकायचं विसरून ऐकत होत्या. ही मोजकं बोलणारी पोरगी बोलत होती आणि समोरचे माना डोलावत होते. आपण मोठमोठी गिऱ्हाइकं वळवली तेव्हासुद्धा बाईंना इतकं बरं वाटलं नव्हतं. शेजारी उभं राहून दुसऱ्याचा अभिमान वाटणं त्यांना नवीन होतं, आणि ते आवडत होतं.

दिवे मालवायच्या आधी साहेब खाली आले. डब्या संपल्या होत्या. "जिंकलात, बाई. तुमचं क्रीम..."

"माझं नव्हे," बाईंनी मध्येच तोडलं. "ही समोर उभी आहे ना, हिचं. काय बोलायचं ते हिच्याशी बोला. आणि शेवाळ मोठ्या अक्षरांत लिहा, एवढं लक्षात असू द्या."

आता वस्तीच्या मागच्या गल्लीत, पूर्वी जिथे कपडे धुवायचा कारखाना होता, तिथे सुनेचं काम चालतं. जुने मोठाले हौद शेवाळ धुवायला फारच सोयीचे पडले. लाल ओठांची ती मुलगी दुकानातली नोकरी सोडून तिथे आली. क्रीम अजूनही कधी कधी फाटतं. तेव्हा सून निमूटपणे फेकते आणि बाई तिच्याआधी पाणी तापत ठेवतात. मुलाने मालाची छोटी लिफ्ट बसवून दिली. ती पहिल्याच दिवशी मध्येच अडकली तेव्हा दोघी मिळून त्याला इतकं हसल्या, की तो जेवायलाही आला नाही.

परवा कुठल्या तरी वर्तमानपत्रातली एक मुलगी माहिती घ्यायला आली. सून हौदाशी रबरी बूट घालून कोपरापर्यंत ओली, म्हणून बाईंनी तिला आत घेतलं, स्टूल दिलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"हे सगळं तुमचंच का?" मुलीने विचारलं.

"छे," बाई म्हणाल्या. "मी विकते. बनवते ती. आणि दोन्हींत अवघड काय ते विचारू नकोस, आमच्यात भांडण लावशील."

हौदापाशी सून हसली. बाईंनी ते ऐकलं, कोट सारखा केला आणि मुलीला शेवाळ भिजवण्यापासून सगळं समजावून सांगायला घेतलं.